वाढणारी सुई

मिरजेतल्या मुलांच्या एका दवाखान्यात धीर द्यायच्या कामावर नेमलेल्या यंत्रमानवाने एका सकाळी भांडारात लेखी विचारणा केली : "आपल्या वॉर्डात हातभर लांबीची एक सुई वापरली जाते. ती कोणत्या कपाटात असते ते कळवावे. मला सापडत नाही."

भांडारातून उत्तर आलं, की हातभर लांबीची सुई गोधडी शिवायलाही लागत नाही. आपल्याकडे ती नाही, कधी नव्हती आणि मागवण्याचा विचारही नाही.

या यंत्रमानवाचं कागदोपत्री नाव दिलासा. वॉर्डातल्या मुलांनी आठवड्याच्या आत त्याचा दिलासराव केला. उंची सहावीतल्या मुलाएवढी, पायांच्या जागी चाकं, डोळ्यांच्या जागी दोन पिवळे दिवे. मुलांना धीर कसा द्यायचा हे शिकवण्यासाठी त्याला मराठी घरांतली ढीगभर बोलणी ऐकवली होती, आणि घोटाळा तिथेच झाला होता. एखादं मूल पडलं की त्याला उचलण्याआधी दिलासराव फरशीला दोन फटके मारायचा, कारण घरोघरी तसंच करतात. "मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस्स" हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकलं होतं, की काळी मुंगी, लाल मुंगी की मुंगळा, असा खुलासा त्याने डॉक्टरांकडे मागितला. मोठी माणसं मुलांना जे जे सांगतात त्याची कुणी उलटतपासणी घेईल, असं त्यांच्या मनातही येत नाही.

हातभर सुईचा पुरावा मात्र दिलासरावकडे होता. तो पुरावा म्हणजे मेहर सतारमेकर हिने काढलेली चित्रं.

मेहर दहा वर्षांची. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. उन्हाळ्यात ती भोपळे ठेवायच्या माळ्यावरून पडली. (तंबोऱ्याचा खालचा गोल भाग वाळवलेल्या भोपळ्याचा असतो. भाजीचा भोपळा निराळा, हा निराळा.) डाव्या कोपराचं हाड मोडलं आणि जुळताना वाकडं जुळलं. आता हात पुरता सरळ होत नव्हता. तंबोरा लावायचा तर उजव्या हाताने खाली घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तार छेडायची आणि त्याच वेळी डाव्या हाताने पार वरच्या टोकाची खुंटी पिळायची. "हात खुंटीपर्यंत पोचला की शिकवतो," असं अब्बांनी तिला लहानपणापासून सांगितलं होतं. हात पोचण्याइतका लांब झाला, आणि तेवढ्यात वाकला.

शस्त्रक्रिया करून हाड सरळ करता येणार होतं. अडचण फक्त त्याआधीच्या सुईची होती. झोपेचं औषध द्यायला उजव्या हाताच्या पाठीवर एक सुई लावावी लागते. त्या सुईला मेहर दोनदा चुकवून पळाली. पहिल्यांदा ती चौकशीच्या टेबलाखाली सापडली. दुसऱ्यांदा दवाखान्याबाहेर उभ्या असलेल्या, आपोआप चालणाऱ्या रिक्षात बसली. रिक्षाने विचारलं, "कुठे जायचं?" ही म्हणाली, "लांब." रिक्षाने तिला म्हैसाळच्या पुलावर नेऊन उभं केलं. जागा बधिर करणारं मलम तिच्या हातावर तेव्हा लावलेलंच होतं. पण मलम कातडीवर लागतं. मेहरला भीती वाटत होती ती सुई कातडीवर नव्हतीच.

तिसरी तारीख दिवाळीच्या सुट्टीतली मिळाली. हाडाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की याही वेळी पळापळ झाली तर पुढची तारीख उन्हाळ्यात मिळेल, आणि तोवर सांधा इतका आखडेल, की हात पूर्ण सरळ होईलच असं ते सांगू शकत नाहीत.

दिलासराव ज्या धीर-प्रकल्पात काम करत होता, त्याच्या प्रमुख डॉ. वत्सला आवटी. त्या मानसशास्त्रज्ञ (माणसाचं मन आणि वागणं यांचा अभ्यास करणाऱ्या) होत्या. प्रकल्पाचा एक नियम होता. मुलाला टोचलं, की त्याच दिवशी त्याच्याकडून त्या प्रसंगाचं चित्र काढून घ्यायचं. पुढे दर भेटीत त्याच प्रसंगाचं चित्र पुन्हा काढायला सांगायचं. दिलासरावने मेहरची तीन चित्रं आवटींच्या टेबलावर मांडली. हाड मोडलं त्या दिवशी तिला जी सुई टोचली होती, तिची ही चित्रं. पहिल्यात सुई बोटाएवढी होती. दुसऱ्यात हाताएवढी. तिसऱ्यात ती दोन माणसांनी मिळून धरली होती.

"सुई वाढते आहे," दिलासराव म्हणाला. "पोलाद वाढत नाही. मी तपासलं."

"मेहरला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणाली, मोठी सुई पोरांना दिसू नये म्हणून लपवून ठेवतात."

"मग तू ती दवाखान्यात कशाला शोधतोयस? इथे ती वाढलेली नाही. तिच्या घरी जा, कोपऱ्यात बस, आणि मुख्य म्हणजे तोंड उघडू नकोस."

दिलासरावला तोंड नव्हतं, आवाज छातीतून यायचा. पण त्याने सूचनेचा अर्थ बरोबर लावला.

सतारमेकरांच्या घराचा पुढचा भाग म्हणजे कारखाना. भिंतीला टेकवलेले भोपळे, लाकडाचा भुसा, चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशचा वास. दिलासराव तिथे भोपळ्यांच्या रांगेत जाऊन बसला, आणि रंगाने इतका जुळला, की एका गिऱ्हाइकाने त्याची किंमत विचारली.

दुखणाइताला बघायला जाणं हे आपल्याकडे कर्तव्य आहे, आणि ते फार मनापासून बजावलं जातं. बघायला येणारा शहाळं नाहीतर बिस्किटांचा पुडा आणतो. घरचे चहा देतात. चहाबरोबर, झाला प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावा लागतो. न सांगणं म्हणजे पाहुण्याला उपाशी परत पाठवण्यासारखं. आणि पाहुणाही फुकट ऐकत नाही. तो आपल्याकडचा एक प्रसंग, याहून भयंकर असा, बदल्यात ठेवून जातो. या व्यवहारात सगळ्यांना काही ना काही मिळतं. ज्याच्यासाठी हे चाललेलं असतं, तो दुखणाईत मध्ये बसून ऐकत असतो.

मेहरच्या घरी हे काम दादीकडे होतं. अब्बांची ही आई बोलायला मोठी रसाळ.

"काय सांगू तुम्हाला," दादी पाहुण्यांना सांगत होती, "पोरगी अशी पांढरी पडलेली, आणि तो डॉक्टर सुई घेऊन आला. एवढी!" तिने कोपरापर्यंत हात दाखवला. "मेहर, इकडे ये गं. हात दाखव."

मेहर आली आणि तिने हात दाखवला.

दुपारी जयसिंगपूरहून फुफी आली. हमीदाफुफी ही अब्बांची थोरली बहीण. आवाज खणखणीत, बसायला नेहमी पंख्याखालची जागा. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "हे काहीच नाही. आमच्या गल्लीतल्या एका पोरीला टोचली ती सुई आतच मोडली. फिरत फिरत गेली, आणि निघाली कुठनं? खांद्यातनं!"

"या अल्ला," दादी म्हणाली. आपल्या घरातल्या प्रसंगावर दुसऱ्या घरातला प्रसंग वरचढ झालेला तिला रुचला नसावा. संध्याकाळच्या पाहुण्यांना तिने सांगितलं, की मेहरची सुईसुद्धा मोडता मोडता वाचली आणि डॉक्टरांना घाम फुटला होता.

दिलासराव परत आला तो प्रश्न घेऊनच. "दादी खोटं बोलत नाही. मी तिचा आवाज मोजला, ती स्वतः त्यावर विश्वास ठेवते. हे कसं?"

"ते मेहरसमोरच बोलू," आवटी म्हणाल्या.

मेहर तपासणीला आली तेव्हा आवटींनी तिला विचारलं, "मेहर, आठवण म्हणजे काय गं?"

"डोक्यातला व्हिडिओ."

"बरं. मग तो सुईचा व्हिडिओ लाव. डोळे मीट. काय दिसतंय?"

"टेबल दिसतंय. मी झोपलेय. भोवती सगळे उभे आहेत. मी रडतेय."

"तू स्वतः दिसतेस? तुझा चेहरा?"

"हो. तोंड उघडं आहे."

"मग व्हिडिओ काढला कुणी? तुझे डोळे तर तुझ्याच चेहऱ्यावर होते. तुला तुझा चेहरा दिसला कसा?"

मेहरने डोळे उघडले. दिलासरावचे दिवे एकदा मालवून पुन्हा लागले. तो मोठा विचार करू लागला की असं व्हायचं.

"म्हणजे तो व्हिडिओ नाही," मेहर म्हणाली. "मीच काढलेलं चित्र आहे ते."

"शाबास. मेंदू प्रसंग जसाच्या तसा साठवत नाही. आवाज एकीकडे, रंग दुसरीकडे, वास तिसरीकडे, असे तुकडे ठेवतो. आठवायची वेळ आली, की हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आतला, समुद्रघोड्यासारखा वळलेला भाग) ते तुकडे गोळा करून प्रसंग नव्याने जुळवतो. एखादा तुकडा सापडला नाही तर शेजारचा कुठलातरी बसवतो, आणि हे तो आपल्याला सांगतही नाही. शेजारीच अमिग्डला (बदामाएवढा भाग, धोक्याची खूण करणारा) असते. तिने एखाद्या तुकड्यावर 'धोका' असं लिहिलेलं असलं, की तो तुकडा सगळ्यात पुढे येतो."

"पण मग वाढते कशी? सुई?"

"हं. आता खरी गंमत ऐक. आठवण उघडली, की थोडा वेळ ती कच्ची होते आणि मग पुन्हा पक्की होते. याला पुनर्दृढीकरण (उघडलेली आठवण पुन्हा घट्ट बसणं) म्हणतात. ती कच्ची असताना आजूबाजूला कुणी काही बोललं, आपल्याला भीती वाटली, तर तेही तिच्यात जाऊन बसू शकतं. पुढच्या वेळी उघडशील तेव्हा ते तुझंच वाटेल."

दिलासराव म्हणाला, "मला समजलं नाही. माझ्या आठवणी कच्च्या होत नाहीत."

"तुला कधी पॉलिश केलंय का?" मेहरने विचारलं.

"नाही."

"म्हणूनच. हे बघ, तंबोऱ्याला चपड्याचा एक हात दिला की तो वाळेपर्यंत अब्बा कुणाला शिंकूसुद्धा देत नाहीत. ओलं असताना भुसा उडाला, तर तो चिकटतो. वरनं दुसरा हात दिला की भुसा आतच राहतो, मग निघत नाही. असे हातावर हात देत गेलं की..." ती थांबली. "फुफी म्हणजे भुसा!"

"फुफीला असं म्हणू नये," आवटी म्हणाल्या. पण त्यांनी वहीवर काहीतरी टिपून घेतलं, आणि टिपताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

दिलासरावला नवी गोष्ट कळली, की तिच्यावर तो लगेच अंमल करायचा. यंत्राचा हा गुण आहे आणि दोषही. दुसऱ्या दिवशी तो सतारमेकरांच्या दारात उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला नम्रपणे सांगू लागला, "या घरात सुईविषयी बोलणं बंद आहे. शहाळं चालेल."

पाहुणे आत येऊन बसले. चहा आला. हवापाण्यावर बोलून झालं, खासदारांवर बोलून झालं, आणि मग सगळे कपाकडे बघत बसले. दादीचा चेहरा उतरला. शेजारच्या कोष्टीकाकू तर बाहेर पडताना म्हणाल्या, "आम्ही काय परके?" सतारमेकरांच्या घरात एवढी शांतता याआधी कधी झाली नव्हती. मेहरने काही विचारायला तोंड उघडलं, की दादी ओठांवर बोट ठेवायची.

त्या आठवड्यात काढलेल्या चित्रात सुई कागदावर मावली नाही. मेहरने कागद उलटून उरलेली सुई मागच्या बाजूला काढली.

"काय केलंस तू?" आवटींनी विचारलं. दिलासरावने सांगितलं.

"अरे, तोंड बंद केलं म्हणून आठवण बंद होते का? ती एकटीच उघडून बसते. आधी निदान सांगायला कुणी होतं. आता ती आणि तिची भीती, दोघीच." आवटींनी त्याला एक आलेख दाखवला. "आपण दोन गट केले होते, आठवतं? एका गटातल्या मुलांशी सुईच्या प्रसंगाबद्दलच बोललो, पण खरं काय काय घडलं ते नीट आठवून. दुसऱ्या गटाशी तेवढाच वेळ शाळेबद्दल, खेळाबद्दल बोललो. हा तुलनागट (ज्याला उपाय दिलेला नाही असा गट). तो नसेल तर, मुलं उपायाने सावरली की नुसते दिवस गेले म्हणून सावरली, हे कळत नाही. पुढच्या सुईच्या वेळी कमी कोण घाबरलं?"

"पहिला गट."

"म्हणजे सुईबद्दल बोलणं वाईट नाही. ती उघडायचीच, फक्त हवा स्वच्छ पाहिजे."

"मग आपण तिला सांगू, की सुई छोटी होती, दुखलंच नाही, ती अजिबात रडली नाही. तशी आठवण बसवू."

"एक शब्दही खोटा सांगायचा नाही," आवटी जरा जोरात म्हणाल्या. "ती रडली होती. तिला ते माहीत आहे. एक गोष्ट खोटी निघाली, की तिचा तुझ्यावरचा विश्वास जातो, आणि मग खऱ्या गोष्टीही वाया जातात. तुमची ती मुंगी अशीच मेली."

शस्त्रक्रियेला चार-पाच दिवस राहिले असताना आवटी स्वतः सतारमेकरांकडे गेल्या. कारखान्यातच सगळे बसले. मेहर, दादी आणि भोपळ्यांशेजारी दिलासराव. आवटींनी एकच अट घातली. जे आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं, तेवढंच बोलायचं.

दादी तडकली. "म्हणजे मी इतके दिवस थापा मारते?"

"नाही हो दादी. तुम्ही पाहुणचार करता."

दादीला हे उत्तर बरं वाटलं की नाही ते कळलं नाही, पण ती पदर सावरून बसली. आवटींनी मेहरसमोर तिचं पहिलं चित्र ठेवलं. तेच, त्याच दिवशी काढलेलं.

"सुई सोड. दुसरं काय काय आहे यात?"

"पंखा आहे. दादी आहे. हा डॉक्टर." मेहरने बोट पुढे सरकवलं. "याला दात का काढलेत मी?"

"बघ बरं."

"हसतोय हा." ती गोंधळली. "माझ्याकडे बघून हसतोय? मी रडत असताना? दादी, तो का हसत होता?"

दादी एकदम भोपळ्यांकडे बघायला लागली. "मला काय ठाऊक."

"डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचंय, दादी," दिलासरावने आठवण करून दिली.

"अगं, ते सांगण्यासारखं नाही."

"दादी!"

"तू त्याला काय म्हणालीस ते मी चारचौघांत सांगू? लोक म्हणतील, पोरीला काही वळण लावलंय की नाही!" दादीने आवाज खाली आणला. "तू म्हणालीस, तुझं डोकं वाळत टांगलेल्या भोपळ्यासारखं आहे, आणि आतनंही तसंच असणार. त्या टकल्या डॉक्टरला! 'तुझं' म्हणालीस, 'तुमचं'सुद्धा नाही. मी शरमेने मेले. तो हसला आणि म्हणाला, झालं, घातली सुई."

मेहरने चित्रातल्या दातांवर बोट ठेवलं.

"झालं म्हणजे?" मेहरने विचारलं. "मी बोलत होते तेव्हाच सुई घातली?"

"हो तर. तू भोपळ्याचं काढलंस आणि त्याचं काम उरकलं."

"आणि मग मी रडले?"

"आधी रडलीस, खूप रडलीस. शिव्या द्यायला लागलीस तेव्हा मध्येच थांबलीस. दोन्ही एकदम कसं जमेल?"

मेहरने चित्र पुन्हा उचललं आणि जवळ धरून पाहिलं. दादीने घराण्याच्या अब्रूसाठी गोष्टीतला तेवढाच भाग रोज कापून टाकला होता. आलेल्या प्रत्येकाला रडणारी मेहर मिळाली, सुई मिळाली, डॉक्टरांचा घाम मिळाला. डॉक्टरला भोपळा म्हणणारी मेहर कुणालाच मिळाली नाही. शेवटी शेवटी तर ती मेहरच्या स्वतःच्या वाट्यालाही आली नव्हती.

"आता डोळे मिटून तो प्रसंग परत जुळव," आवटी म्हणाल्या. "रडणं ठेव, दुखलेलं ठेव. फक्त हेही घाल."

मेहरने डोळे मिटले. थोड्या वेळाने ती फिसकन हसली. दादीही हसली, मग तोंडावर पदर धरून म्हणाली, "पण हे हमीदाला सांगू नका हं."

ठरल्या दिवशी मेहर दवाखान्यात आली, ती अब्बांचा हात घट्ट धरून. तिची भीती गेली होती का? नाही. तिने तीनदा दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. ते लावायचं नाही आणि तिला कुणी धरायचं नाही, असं आवटींनी सगळ्यांना बजावलं होतं. बाहेर रिक्षा उभी होती.

"दिलासराव, मुंगी म्हणालास तर बघ," मेहर म्हणाली.

"मी मुंगी म्हणणार नाही. मला ठाऊक आहे तेवढं सांगतो. मलमामुळे टोचलेलं फारसं कळणार नाही. पण कुणीतरी हातात काहीतरी ढकलतंय असं वाटेल. ते तुला आवडणार नाही. मग पट्टी चिकटवतील आणि ते वाटणं कमी होईल."

"आवडणार नाही?"

"बहुतेक मुलांना आवडत नाही. बघायचं की नाही ते तू ठरव."

मेहरने ओठ चावला. तिने हात पुढे केला, मागे घेतला, आणि सिस्टरना म्हणाली, "आधी दाखवा."

सिस्टरनी सुई दाखवली. मेहरने वाकून पाहिलं.

"हीच? दुसरी नाही?"

"हीच. दुसरी असती तर दिलासरावने आमचं भांडार पालथं घातलं तेव्हाच सापडली असती."

तिने हात दिला. डोळे उघडे ठेवले, पण मान वळवून अब्बांच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत राहिली. सुई आत गेली तेव्हा ती "आई गं" म्हणून ओरडली, बऱ्यापैकी मोठ्याने. डॉक्टर या वेळी केसवाले होते, त्यामुळे शिवी सुचली नाही. पट्टी बसली.

"आता लगेच सांग," आवटी तिच्याजवळ बसत म्हणाल्या. "ओलं आहे तोवर. काय झालं?"

"दुखलं. ढकललं. मी ओरडले." तिने विचार केला. "आणि मी पळाले नाही. दार उघडं होतं, मी पाहिलं होतं."

औषध आत गेलं आणि ती पुढचं वाक्य अर्धवट ठेवून झोपी गेली.

हाड सरळ बसलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात काडीसारखा झाला होता आणि पुरता उघडायला आणखी काही आठवडे व्यायाम लागणार होता. अब्बांनी व्यायामासाठी एक जुना तंबोरा काढून दिला. रोज मेहरने त्याच्या खुंटीकडे हात न्यायचा. एका सकाळी बोटांची टोकं खुंटीला लागली. खुंटी फिरली नाही, कारण ताकद नव्हती. पण लागली.

पाहुण्यांचा ओघ पुन्हा सुरू झाला, आणि गोष्ट सांगायचं काम आता मेहरने स्वतःकडे घेतलं. ती भोपळ्यापासून सुरुवात करायची. दादीने दोन दिवस डोळे वटारले, मग लोक पोट धरून हसतात हे पाहिल्यावर टकलाचं वर्णन तीच करू लागली. आवटींच्या प्रकल्पात आता घरच्यांसाठीही एक तास ठेवला गेला. नातेवाइकांनी बघायला जरूर यावं, फक्त आपल्याकडचे भयंकर प्रसंग दाराबाहेर चपलांपाशी ठेवावेत, अशी विनंती दिलासराव प्रत्येकाला स्वतः करायचा. काही मंडळी नाराज झाली. त्यांच्याकडे सांगायला दुसरं काही उरलं नव्हतं.

हमीदाफुफी आली ती या वेळी पंख्याखाली बसली नाही. तिने मेहरला माळ्याखाली एका बाजूला बोलावलं. तिथे वाळत ठेवलेले भोपळे होते आणि माणसं नव्हती.

"खरं सांग," ती हळू आवाजात म्हणाली. फुफीला असा आवाज आहे हेच मेहरला माहीत नव्हतं. "दुखतं का गं?"

"कुणाला?"

"मला रक्त तपासायला सांगितलंय. साखर आहे की काय ते बघायला. दोन वर्षं झाली सांगून." फुफीने मागे वळून पाहिलं. "मी दर वेळी म्हणते, आज उपास मोडला, उद्या बघू."

फुफीच्या सगळ्या गोष्टींची परतफेड करायची याहून चांगली संधी मेहरला मिळाली नसती. खांद्यातनं निघालेली सुई तिच्या ओठांपर्यंत आली होती. ती तिने गिळली.

"दुखतं," ती म्हणाली. "थोडं. मग थांबतं. तुमची सुई केवढी आहे?"

"म्हणजे?"

"तुम्ही पाहिलेली. हाताने दाखवा."

फुफीने दोन्ही हात उचलले आणि पसरले. एका हाताचं बोट भिंतीला लागलं.

"कधी पाहिली होती?"

"सात वर्षांची असेन. गावात डॉक्टर आला होता, देवीची का कसली तरी लस टोचायला."

"तेव्हापासून कुणाकुणाला सांगितलीत?"

फुफी तोंड उघडून थांबली. ती यादी फार मोठी होती.

"आता डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगा," मेहर म्हणाली. "सुई राहू दे. दुसरं काय होतं तिथे?"

"ते कसं आठवणार गं? किती वर्षं झाली." फुफीने डोळे मिटले. हात तसेच पसरलेले होते. "ओटा होता. शाळेचा ओटा. मी रांगेत उभी होते... माझ्यापुढे तुझे अब्बा. एवढासा होता. चड्डी एका हाताने धरलेली." ती थांबली. "त्याला आधी टोचलं. तो रडला नाही. मला म्हणाला, आपा, तू माझा हात धर. 'तुझ्यासाठी नव्हे हं, माझ्यासाठी,' असंही म्हणाला. आणि मी धरला."

"मग?"

"मग मला टोचलं असेल. टोचलंच की. खूण आहे दंडावर." फुफीने भुवया आकसल्या. "पण ते नाही आठवत. हात आठवतोय. चिकट होता. काहीतरी खाल्लं होतं त्याने, गुळाचं."

बाहेरच्या खोलीत अब्बा एक तार चढवत होते. ती मध्येच तुटल्याचा आवाज आला आणि ते स्वतःशी काहीतरी पुटपुटले.

"उद्या सकाळी जाऊ," मेहर म्हणाली. "उपाशी पोटी जायचं असतं ना? अब्बांना पण घेऊ."

"त्याला कशाला? हसेल तो."

"हसू दे."

फुफीचे पसरलेले हात बोलता बोलता एकमेकांच्या जवळ आले होते. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं, आणि मेहरने ते तिला सांगितलं नाही.